भंवरकुआचा कॉम्प्युटर क्लास: रविवारचे सर फर्स्ट क्लास, नोट्स रद्दी

आधीच सांगून टाकतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये, कारण भाचीचा कोर्स अजून दीड महिना बाकी आहे आणि सर्टिफिकेट त्यांच्याच हातात आहे. इंदूरच्या भंवरकुआ चौराह्याच्या आसपास दर दुसऱ्या बिल्डिंगवर जशी पिवळी-लाल पोस्टरं लटकलेली असतात तसलाच एक क्लास, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण चालू असली तर नशीब. जावा आणि पायथन या दोन कॉम्प्युटर भाषा मिळून चार महिने, फी अकरा हजार, नोट्सचे आठशे वेगळे. ते आठशे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याबद्दल बरंच बोलायचंय.

मी स्वतः विजेच्या खात्यातून रिटायर झालेला माणूस, कॉलेजात फोरट्रान ७७ ही जुनी कॉम्प्युटर भाषा शिकलो होतो, पंच कार्डांचा गठ्ठा हातातून पडला की दोन तास ती नंबरवार लावत बसायचं त्या जमान्यातला. भाची बीसीएला आहे, तिची फी भरायला गेलो, डेमो लेक्चरला मागच्या बाकावर बसलो आणि बसलोच. सर म्हणाले, "अंकल, संडे वाली बैच में आप भी बैठ जाइए, आपसे क्या लेना." तर हा रिव्ह्यू विद्यार्थ्याचापण आहे आणि पैसे भरणाऱ्याचापण.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. पोस्टरवर, पॅम्फ्लेटवर, पावतीवर सगळीकडे लिहिलेलं "जावा ८". भाचीनं लॅबमध्ये मशीन चालू केलं, काळ्या खिडकीत व्हर्जन विचारलं तर उत्तर आलं १.८.० आणि पुढे काहीतरी शेपूट. तिनं तिथूनच मला फोन लावला, "मामा, यांनी फसवलं, आठ म्हणाले आणि एक पॉइंट आठ दिलंय, हे तर दोनच्याही आधीचं आहे." मी पोचेपर्यंत तिची काउंटरवरच्या मुलाशी जुंपली होती. तो बिचारा एकच वाक्य घोकत होता, "मैडम, वही है." "वही कैसे है?" "मैडम, वही है." आता आठ आणि एक पॉइंट आठ एकच कसे हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही, आणि मीपण ज्येष्ठ नागरिकाचा आवाज लावून "मॅनेजर को बुलाओ" वर आलो होतो.

तेवढ्यात ते सर आले, हातात कटिंग चहा, आणि काउंटरलाच टेकून वीस मिनिटं बोलले. चहाची साय धरली तरी थांबले नाहीत. हिशोब असा निघाला. जावाचं १.० आलं १९९६ ला, मग १.१. १९९८ च्या डिसेंबरात १.२ आलं तेव्हा जावा बनवणाऱ्या कंपनीला वाटलं की हे फार मोठं काम झालंय, १.२ म्हटलं तर लोकांना किरकोळ वाटेल, म्हणून बाहेर नाव ठेवलं "जावा २". पण आत १.२ च. मग गंमत अशी की १.३ आणि १.४ पण "जावा २" च्याच छत्रीखाली आले. २००४ ला १.५ तयार झालं तर परत तोच विचार, आणि पोस्टरवर लिहिलं ५.०. म्हणजे दोननंतर थेट पाच! तेव्हापासून बाहेर ६, ७, ८ आणि पोटात १.६, १.७, १.८. २०१७ च्या सप्टेंबरात ९ आलं तेव्हा तो पुढचा १ एकदाचा काढून टाकला. २०१४ ला आलेलं ८ हे त्या रांगेतलं शेवटचं, घरी बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण असलेलं. म्हणून मशीन १.८ सांगतं आणि पोस्टर ८ सांगतं आणि दोघं खरं बोलतात.

मला हे लगेच पटलं कारण आमच्या घरात भिंतीवर कालनिर्णय लावलंय त्यात शके १९४७, शेजाऱ्यांच्या पंचांगात विक्रम संवत २०८२, आणि बँकेच्या पासबुकात २०२५, आणि इंदूरात आजवर कोणी त्यावरून मॅनेजरला बोलावलेलं नाही. भाचीची कळी खुलली नव्हती मात्र. तिचा पुढचा प्रश्न होता, मग आता कितवं चालू आहे? सरांनी खरं सांगितलं, सप्टेंबर २०२५ ला २५ आलं. काउंटरचा मुलगा इकडे तिकडे बघायला लागला, कारण पोस्टरवर "जावा ८" च्या खाली "लेटेस्ट" लिहिलंय, जाड अक्षरात.

इथे एक गोष्ट क्लासच्या बाजूनं सांगायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. ९ नंतर जावाचा कारभार असा आहे की दर मार्चला आणि दर सप्टेंबरला एक नवीन नंबर येतोच, काम मोठं असो की लहान, एसटीसारखं, भरो न भरो वेळेवर सुटणार. त्यामुळे ८ वरून २५ म्हणजे सतरा पायऱ्या प्रगती वगैरे काही नाही. त्यातले बरेचसे नंबर सहा महिन्यांचे पाहुणे, मुक्कामाला राहतात ते ८, ११, १७, २१ आणि आता २५, ज्यांना वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि ऑफिसांमध्ये हेच बसवतात. मधे एकदा तर वर्ष-महिना लावून १८.३ असं नाव ठेवायचं घाटत होतं, ते बारगळलं आणि साधं १० आलं. तर ८ शिकवणं काही पाप नाही, जुनी सिस्टिम सांभाळणाऱ्या ठिकाणी अजून तेच भेटतं. पण लेटेस्ट म्हणू नका ना भिया!

भाचीला नंबरांपेक्षा नावं आवडली. जुन्या जावांना टोपणनावं असायची, १.३ केस्ट्रेल म्हणजे एक ससाणा, १.४ मर्लिन, ५ टायगर, ६ मस्टँग, ७ डॉल्फिन, मग ही हौस संपली. खुद्द जावाचंच पाळण्यातलं नाव ओक होतं, बनवणाऱ्या जेम्स गॉस्लिंगच्या ऑफिसबाहेर ओकचं झाड होतं म्हणून, पण ते नाव आधीच दुसऱ्या कोणीतरी रजिस्टर केलेलं निघालं आणि कॉफीवर समाधान मानावं लागलं. सर हे असं सांगत जातात की वेळ कळत नाही. या रविवारच्या बॅचला माझे पाचपैकी पाच.

आता पायथन. दुसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, ३.९ आणि ३.१०, आणि विचारलं मोठा कोणता. पस्तीस पोरं होती, अर्ध्यांनी ओरडून सांगितलं ३.९. शाळेत दशांश शिकवलेत ना, ३.९० आणि ३.१०, बरोबरच आहे त्यांचं. सर म्हणाले हा टिंब दशांशाचा नाहीच, हा पत्त्यातला टिंब आहे, गल्ली ३ मकान ९, गल्ली ३ मकान १०. आमच्या इंदूरच्या भाषेत सांगायचं तर स्कीम ११४ पार्ट २ या कॉलनीला कोणी एकशे चौदा पॉइंट दोन म्हणत नाही. पहिला आकडा बदलला म्हणजे मोठी उलथापालथ, जुना प्रोग्राम मोडू शकतो, मधला बदलला म्हणजे नवीन सोयी, शेवटचा बदलला म्हणजे फक्त दुरुस्ती. निदान शिरस्ता असा आहे, पाळतात सगळे आपापल्या सोयीनं, पायथनवाले स्वतःच मधल्या आकड्यातसुद्धा जुन्या गोष्टी काढून टाकतात, फक्त आधी दोन-तीन वर्षं बजावत राहतात.

आमच्या बॅचमध्ये एक मुलगा सुपर कॉरिडॉरला नोकरी करतो, तो हसायला लागला. त्याच्या टीमनं एका सेटिंगच्या फायलीत ३.१० लिहिलं अवतरण चिन्ह न घालता, आणि त्या फायलीनं त्याला साधी संख्या समजून शेवटचं शून्य उडवलं आणि मशीन पायथन ३.१ शोधत बसलं. दीड दिवस चार जण डोकं आपटत होते. एका शून्यापायी!

मग मला राहवलं नाही, मी म्हटलं सर, आकडा मागे गेला म्हणून माणूस मागे जात नाही हे इंदूरकरांना शिकवायला नको. आपले होळकर महाराज तुकोजीराव तिसरे १९२६ ला गादीवरून उतरले आणि त्यांच्यानंतर आले यशवंतराव दुसरे. तीननंतर दोन. कोणी गोंधळलं का? दर नावाची मोजणी वेगळी. सरांना हे इतकं आवडलं की पुढच्या बॅचला त्यांनी ते माझ्या नावासकट सांगितलं म्हणे.

आता त्या आठशे रुपयांकडे येतो. पायथनच्या नोट्सची स्पायरल बाइंडिंगची वही, कव्हर चकचकीत, वर लिहिलंय "पायथन ३". पान १४ वर पहिला प्रोग्राम, हॅलो छापायचा. पोरांनी वहीत बघून जसाच्या तसा टाइप केला आणि पस्तीसच्या पस्तीस मशीनवर लाल एरर. का? वहीत प्रिंट शब्दापुढे कंसच नाहीत. ही पायथन २ ची लिहायची पद्धत. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ ला आणि त्यात प्रिंटला कंस सक्तीचे झाले, आणि गंमत बघा, मशीन एररमध्येच सांगतं की कंस राहिले वाटतं, असं म्हणायचं होतं का तुम्हाला. मशीनला कळतंय, छापणाऱ्याला कळत नाहीये.

मला वाटलं छपाईची चूक असेल, पुढे बघू. पान १७, पाच भागिले दोन, वहीत उत्तर छापलंय २. मशीनवर आलं २.५. भाची म्हणाली मामा, माझंच काही चुकलं का, आणि ती खरंच खोडून परत टाइप करायला लागली. इथे मला राग आला. कारण जुन्या पायथनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, म्हणून २, आणि नव्यात तो बदलला, म्हणून २.५, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला हे कोणी सांगणार नाही तर ती स्वतःलाच ढ समजणार. सगळी वही २.७ ची आहे, फक्त कव्हर ३ चं घातलंय. २.७ सुद्धा कधीचं? २०१० चं. लोक ३ वर यायला तयारच नव्हते इतका बदल होता, म्हणून २.७ ला दहा वर्षं सांभाळलं आणि १ जानेवारी २०२० ला त्याचा अधिकृतपणे खेळ संपवला. म्हणजे या नोट्स कायदेशीररित्या मयत आहेत.

काउंटरवर आठशे परत मागितले तर "स्टडी मटेरियल नॉन-रिफंडेबल है". पावतीवर खरंच तसं बारीक अक्षरात आहे, वाचलं नव्हतं, ती चूक माझी. आणि आठवड्यातल्या बॅचला जे दुसरे सर येतात ते हीच वही पुढे धरून वाचून दाखवतात, एरर आली की "आगे बढ़ो" म्हणतात. त्यांच्या बॅचला जाऊ नका, एवढं एकच जरी या रिव्ह्यूतून घेतलंत तरी पुष्कळ.

रविवारच्या सरांना मी विचारलं, पायथन ४ कधी? ते म्हणाले अंकल, २ वरून ३ ला जाताना एवढं तोंड पोळलंय की आता ताकपण फुंकून पितात, चारचं नावच कोणी काढत नाही. दर ऑक्टोबरला मधला आकडा एकानं वाढतो, बस. त्यामुळे योग असा आला की ऑक्टोबर २०२५ ला ३.१४ निघालं, म्हणजे गणितातला वर्तुळाचा पाय (π)! बनवणाऱ्यांनीपण हौस भागवून घेतली, त्यात स्वतंत्र एनव्हायरनमेंट, म्हणजे एका कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, बनवलं की पायचं चिन्ह लावलेली एक जास्तीची कमांडच आत मिळते.

पायवरून सरांनी डोनाल्ड नुथ या कॉम्प्युटरच्या नामांकित प्राध्यापकांची गोष्ट सांगितली, ती ऐकून मला रात्री नीट झोप नाही लागली. या गृहस्थांनी पुस्तकं छापण्यासाठी टेक नावाची सिस्टिम बनवली. त्यांनी ठरवलं की ३ नंतर आता नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, आणि दर दुरुस्तीला व्हर्जनमध्ये पायचा एक आकडा वाढवायचा. ३.१, ३.१४, ३.१४१ असं करत करत २०२१ पासून ते ३.१४१५९२६५३ वर आहे. आणि त्यांनी लिहून ठेवलंय की मी गेलो की व्हर्जनचा आकडा पाय करून टाका, आणि त्यानंतर ज्या चुका उरतील त्या चुका नाहीत, त्या तशाच असायच्या आहेत असं समजा. काय माणूस आहे! मी खात्यात तीस वर्षं ड्रॉइंगवर रिव्हिजन ए, बी, सी टाकत आलो, असं कधी सुचलं नाही.

फोरट्रानचा विषय निघाला तेव्हा माझी बाजू जरा वर आली. तिथं आकडा म्हणजे वर्ष, ६६, ७७, ९०, ९५, मग २००३, २००८, २०१८, २०२३. साधंसोपं वाटतं, पण ७७ ला मंजुरी मिळाली १९७८ ला, ९० निघालं १९९१ ला, २००८ निघालं २०१० ला. म्हणजे आपल्या लग्नपत्रिकेसारखं, मुहूर्त १२ वाजून ७ मिनिटं, अक्षता पडतात पावणेदोनला, तरी पत्रिकेवर १२:०७ च राहतं. सी प्लस प्लस ही आणखी एक भाषा, तिच्यावाल्यांचं तर याहून अवघड झालं होतं. त्यांनी पुढच्या व्हर्जनचं कच्चं नाव ०एक्स ठेवलं होतं, एक्सच्या जागी २०१० च्या आतल्या एखाद्या वर्षाचा शेवटचा आकडा येईल या भरवशावर. ते आलं २०११ ला. मग त्यांच्यातल्याच लोकांनी थट्टा केली की एक्स हा कॉम्प्युटरवाल्यांच्या सोळाच्या मोजणीतला अंक होता हो, तिथं नऊनंतर ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, वेळेतच आलो आपण.

आणि आता माझी शान. माझ्याकडे खजुरी बाजारातून कधीतरी पन्नास रुपयाला उचललेलं, पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेच्या ६ नंबरचं एक पुस्तक होतं. मी ते क्लासला घेऊन गेलो, म्हटलं सर हे चालेल का. सरांनी ते दोन्ही हातात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि पोरांना दाखवत सुटले. कारण पीएचपी ६ कधी आलंच नाही! युनिकोडचं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या चालवायचं, मोठं काम करून ६ काढायचं ठरलं होतं, लेखकांनी आणि प्रकाशकांनी आधीच पुस्तकं छापून टाकली, आणि ते काम काही तडीस गेलं नाही. मग पुढचं जेव्हा खरंच तयार झालं तेव्हा जुन्या पुस्तकांशी गोंधळ नको म्हणून ५ वरून थेट ७ केलं, डिसेंबर २०१५ ला. म्हणजे माझ्याकडे जन्मालाच न आलेल्या मुलाची कुंडली होती. सरांनी विचारलं, "अंकल, यह मैं रख लूँ?" मी म्हटलं ठेवा, त्या नोट्सपेक्षा हेच खरं निघालं. पर्ल नावाच्या भाषेचंपण असंच काहीतरी, पर्ल ६ चा गाजावाजा २००० ला आणि पहिलं पक्कं व्हर्जन २०१५ च्या ख्रिसमसला, आणि तोवर ते पर्ल ५ पासून इतकं लांब गेलेलं की २०१९ ला नावच बदलून राकू ठेवलं. धाकटा भाऊ म्हणून वाढवलेला पोरगा पुढे वेगळ्याच आडनावाचा निघावा तसं.

आर नावाच्या भाषेचं मात्र फक्त नाव लिहून घेतलंय मी, भाचीला पुढे स्टॅटिस्टिक्स घ्यायचंय म्हणून. त्यांच्या प्रत्येक व्हर्जनला नंबरासोबत एक टोपणनाव असतं आणि ते स्नूपी कुत्रा ज्यात आहे त्या पीनट्स कॉमिकमधून उचललेलं असतं, ४.४.० चं नाव पपी कप. मोठमोठे संशोधक पेपरात हिशोब लावतात तो पपी कपवर. असो.

बाकी सोयी. एसी दोनपैकी एक चालतो, खिडकीजवळ बसा. पार्किंगची आशा सोडा, गाडी गल्लीत लावावी लागते आणि परत येईपर्यंत तिच्यापुढे आणखी चार लागलेल्या असतात. पाणी थंड, बाथरूमबद्दल न बोललेलं बरं. खाली पोहेवाला आहे, जिरावण मसाला हात सोडून टाकतो, नऊच्या बॅचच्या आधी गरम मिळतात. फी दोन हप्त्यात भरता येते, ते मात्र काउंटरवर स्वतः विचारावं लागतं, सांगत नाहीत. लॅपटॉप असेल तर स्वतःचा न्या आणि पायथन नवीन टाकून न्या, सर बॅचनंतर थांबून सगळ्यांचं बघून देतात.

स्टार साडेतीन देतोय. भाची म्हणाली ३.१० द्या मामा, पण इथं लोक त्याला तीन पॉइंट एक वाचतील.

हो, एक राहिलं. आमची नोट्सची तक्रार लेखी दिली होती, मी आणि अजून अकरा जणांनी सह्या करून. गेल्या रविवारी काउंटरवर नवीन वह्यांचा गठ्ठा आलेला दिसला, मी लगेच एक उचलून बघितली. कव्हर बदललंय. "पायथन ३" मधला ३ काढून टाकलाय, आता फक्त "पायथन, लेटेस्ट व्हर्जन" आहे. पान १७ उघडलं. पाच भागिले दोन, दोन.